नानांसाठी रजा काढायचीय, मग ‘मेडिकल’ कशाला?

पत्र

सर, नमस्कार. मी साताऱ्यात एका राज्य शासकीय कार्यालयात लिपिक आहे. वय ३८, नोकरीला ११ वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतंय. दवाखान्यातून आता कोरेगावजवळ गावी घरी आणलंय. आई ६६ वर्षांची, तिला त्यांना कुशीवर वळवणंही झेपत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने व्यायाम नेटाने करून घेतला तर फरक दिसेल. धाकटा भाऊ पुण्यात आयटी कंपनीत आहे, शनिवार-रविवार येतो.

या वर्षाच्या आठ किरकोळ रजांपैकी सहा दवाखान्यातच संपल्या. साहेबांकडे तीन महिने रजा मागितली तर म्हणाले, ‘मार्च एंड तोंडावर आहे, आणि रजा हा काही हक्क नसतो.’ ऑफिसातले जुने लोक म्हणतात, ‘अर्जित कशाला घालवतो? मेडिकल टाक.’ (अर्जित म्हणजे साठवलेली पूर्ण पगाराची रजा, मेडिकल म्हणजे आजारपणाच्या दाखल्यावरची.) एकाने तर सुचवलं, बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे ना, तिला मुलीच्या नावाने बाल संगोपन रजा घ्यायला लाव. मध्यंतरी मोबाइलवर फिरत होतं की केंद्राने आईवडिलांसाठी ३० दिवसांची नवी रजा दिली. ती आपल्याकडे कधी येणार?

माझ्या खात्यावर अर्जित रजा २१४ आणि अर्धवेतनी २०० दिवस आहे. निवृत्तीला ३०० दिवसांचे पैसे मिळतात म्हणून एकेक दिवस जपत आलोय. काय करू?

– एक वाचक, सातारा

उत्तर

आधी त्या मेसेजचा निकाल लावू, कारण तुमच्यासारखीच आणखी चार पत्रं त्यावर आली आहेत. केंद्राने कोणतीही नवी रजा दिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत प्रश्न आला होता, की वृद्ध आईवडिलांची देखभाल करण्यासाठी कर्मचाऱ्यांना रजेची काही तरतूद आहे का. मंत्री जितेंद्र सिंह यांनी लेखी उत्तर दिलं, की केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस किरकोळ आणि २ ऐच्छिक सुट्ट्या मिळतात आणि त्या कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात, त्यात आईवडिलांची देखभालही आली. एवढंच. घरात शिजलंय तेच वाढून घ्या, असा त्याचा अर्थ. पण दुसऱ्या दिवशी ते ‘तीस दिवसांची नवी रजा’ होऊन घरोघरी पोचलं.

त्यामुळे ती ‘आपल्याकडे’ यायची वाट बघू नका. ती आलेलीच आहे. आपले नियम म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. त्यात १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते, अर्धवेतनी दर सहामाहीला १० दिवस. तुमच्या खात्यावरचे २१४ दिवस याच हिशेबाने साठलेत. अर्जित रजेला कारण आजारपणाचंच हवं असं कुठेही नाही. वडील अंथरुणाला खिळलेत हे कारण तर कोणत्याही साहेबाला पुरावं.

आता मेडिकल. कर्मचाऱ्यांच्या रजा-सेवेची कामं बघणाऱ्या आस्थापनेच्या टेबलावर मी एकवीस वर्षं काढली, आणि ‘मेडिकल टाक’ हा सल्ला जितक्या सहजपणे दिला जातो तितका दुसरा कुठलाही ऐकला नाही. देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. हिशेब बघा. वैद्यकीय दाखल्यावर जी पूर्ण पगाराची रजा मिळते ती परिवर्तित रजा, आणि ती अर्धवेतनी खात्यातून दुपटीने वजा होते. ९० दिवस घेतलेत की १८० गेले. तुमच्या २०० पैकी उरले २०, म्हणजे पूर्ण पगाराच्या आजारपणाला फक्त दहा दिवस. तुम्ही ३८ वर्षांचे आहात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तुमचंच पोटाचं ऑपरेशन निघालं, तर त्या दहा दिवसांत टाकेही सुकणार नाहीत.

शिवाय ती रजा तुम्ही आजारी असाल तर आहे. नाना आजारी आहेत म्हणून तुम्हाला कंबरदुखीचा दाखला देणारा डॉक्टर मिळेलही, पण मंजूर करणारा अधिकारी दुसऱ्या वैद्यकीय मताला पाठवू शकतो, आणि हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो तो वेगळाच. मी एका कार्यालयात असताना एकाने मणका सरकल्याचा दाखला देऊन महिनाभर रजा घेतली. गावच्या यात्रेत गडी पालखीला खांदा देऊन उभा! तालुक्याच्या पुरवणीत फोटो छापून आला, आणि कुणी तरी ते कात्रण बंद पाकिटात साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पाकीट कुणी ठेवलं हे आजपर्यंत कळलेलं नाही, पण चौकशी झाली आणि वेतनवाढ अडकली. तुम्ही तर रोज नानांना वॉकरला धरून अंगणात फिरवणार. अख्खा गाव बघणार. ज्यात लपवण्यासारखं काहीच नाही, ते खोट्या कागदावर कशासाठी करायचं?

आता तुमची खरी अडचण. ती साहेब नाहीत, ते ३०० आहेत.

निवृत्तीला शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे, म्हणजे शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या दहा पट. सरकारी कर्मचाऱ्याला त्यावर आयकरही नाही. रक्कम मोठी आहे, कुणालाही मोह व्हावा. पण ३०० ही मर्यादा आहे हे लोक विसरतात. डबा भरला की वरून घातलेलं सांडतं. तुम्ही आज ९० दिवस घेतलेत तर उरतात १२४. ३०० ला कमी पडतात १७६. वर्षाला ३० प्रमाणे ते भरून यायला सहा वर्षंही लागत नाहीत. अधूनमधून लग्नकार्याला, जत्रेला रजा घेतलीत तर आठ धरा. तुम्ही तेव्हा ४६ चे असाल. नियत वय ५८, म्हणजे त्यापुढेही बारा वर्षं. त्या बारा वर्षांत आणखी ३६० दिवस जमा व्हायचे, त्यांना ठेवायला खात्यात जागाच नसेल. नानांसाठी घेतलेल्या ९० दिवसांमुळे तुमच्या निवृत्तीच्या रकमेतला एक रुपयाही कमी होत नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस हाच प्रश्न विचारता तर मी उत्तर जरा सांभाळून दिलं असतं, कारण त्याला भरून काढायला वेळ नसतो. तुमच्याकडे वीस वर्षं आहेत.

माझीच गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. माझे ३०० चाळिशीतच पुरे झाले. त्यानंतर दर सहामाहीला शेजारच्या टेबलावरचा पोरगा माझ्या रजा लेख्यात लाल शाईने ‘व्यपगत’, म्हणजे वाया गेली, असं लिहायचा आणि मला दाखवून सही घ्यायचा. मी सही करायचो आणि वर ऐटीत सांगायचो, ‘आपण रजा घेत नाही!’ २००७ साली माझ्या सहकाऱ्याने आईच्या कर्करोगासाठी सलग चार महिने अर्जित रजा घेतली. मीच त्याला वेड्यात काढलं होतं, ‘अरे, पैसे जाळतोस!’ आम्ही दोघं २०१९ ला तीन महिन्यांच्या अंतराने निवृत्त झालो. त्याच्या रोखीकरणाच्या, म्हणजे रजेचे पैसे देण्याच्या, आदेशात आकडा ३००, माझ्यातही ३००. माझी लाल शाईतली बेरीज किती झाली ते मी मोजलेलं नाही.

साहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमातच आहे, आणि कामाची निकड असेल तर ते नाकारू शकतात. पण साहेब म्हणजे नियम नव्हे, आणि नाकारायची तर ती निकड दाखवावी लागते. तुम्ही अर्जित मागितली तर परस्पर तिची बिनपगारी करून टाकायचीही त्यांना मुभा नाही. एक गोष्ट मात्र मी टेबलाच्या त्या बाजूने सांगतो. साहेबांना तुमच्या रजेचं टेन्शन नसतं, तुमच्या टेबलाचं असतं. मार्चअखेर बिलं ट्रेझरीत गेली नाहीत तर अनुदान परत जातं आणि बोलणी त्यांना खावी लागतात. तेव्हा ‘तीन महिने रजा द्या’ असं जाऊन म्हणू नका. ‘आजपासून बारा दिवस द्या, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी हजर राहून बिलं काढून देतो आणि १ एप्रिलपासून ७८ दिवस द्या. माझं टेबल अमुक बघायला तयार आहे,’ असं म्हणा. तो अमुक आधी गाठून ठेवा. त्याला चहा पाजा, प्रलंबित प्रकरणांची यादी हातात द्या. रजा मंजूर होणं निम्म्याहून जास्त यावर असतं.

आणि मधला तो मार्चचा आठवडा भावाने गावी बसून काम करावं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. शनिवार-रविवार येणाऱ्याला आजारी माणूस नेहमी जरा बराच दिसतो. आठ दिवस रात्री उठून कूस बदलायला लागली की पुढचं बोलणं सोपं जातं.

अर्ज विहित नमुन्यात करा आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं मोघम लिहू नका. ‘वडिलांना पक्षाघात झाला असून त्यांच्या शुश्रूषेसाठी’ असं सरळ लिहा आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा. ‘घरगुती’ नाकारायला साहेबांना काहीच वाटत नाही. पक्षाघात नाकारताना पेन थांबतं. आधीच्या आणि नंतरच्या सुट्ट्या जोडण्याची व मुख्यालय सोडण्याची परवानगी अर्जातच मागा. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे रजा सोमवारी सुरू आणि शुक्रवारी संपेल अशी बसवलीत तर दोन्हीकडचे शनिवार-रविवार रजेत मोजले जात नाहीत. मधले मात्र सगळे मोजले जातात. उरलेल्या दोन किरकोळ अर्जितला चिकटवायला जाऊ नका, त्या एकत्र चालत नाहीत. ठेवा त्या, जूननंतर नानांना तपासणीला न्यायला लागतील. गावचा पत्ता आणि फोन लिहा.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ही पोच म्हणजे तुमचं चिलखत. ‘साहेब हो म्हणाले’ ही मंजुरी नव्हे. मोबाइलवर ‘आज येत नाही’ टाकून निळ्या टिका आल्या, तीही मंजुरी नव्हे. असे बिनधास्त घरी बसलेले आणि दोन महिन्यांनी ‘अनधिकृत गैरहजेरी’ची नोटीस घेऊन माझ्याकडे आलेले मी कमी पाहिलेले नाहीत. मग पगार अडकतो, सेवेतला खंड निघतो, आणि तो क्षमापित, म्हणजे माफ, करून घेण्यासाठी त्याच साहेबांपुढे उभं राहावं लागतं. रजा वाढवायची असेल तर संपण्याआधी अर्ज द्या. संपल्यावर न कळवता राहिलात तर त्या दिवसांचा पगार मिळत नाही आणि वर ते अर्धवेतनी खात्यातून कापले जातात.

अर्ज पडून राहिला तर? ज्या कायद्याच्या नावाने आपल्या सगळ्यांच्या बदल्या होतात त्या २००५ च्या कायद्याचं नाव पूर्ण वाचा: बदल्यांचे विनियमन ‘आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध’. पहिला भाग सगळ्यांना पाठ, दुसरा कुणी उघडत नाही. त्यात म्हटलंय की कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आठव्या दिवशी दोन ओळींचं स्मरणपत्र द्या, आवाज न चढवता. नाकारलीच तर ‘कारणासह लेखी कळवावे, ही विनंती’ असा अर्ज द्या. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना लेखी ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्यानंतरही अडलंच तर वरिष्ठ कार्यालय आहे, अगदी शेवटी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे. पण तुमचे तीन महिने मुंबईला खेटे घालण्यात घालवायचे नाहीत, म्हणून त्या वाटेचं आज बोलत नाही.

अर्धवेतनी रजेला हात लावू नका असं म्हणणार होतो, पण एक सांगून ठेवतो. ती खाजगी कारणासाठीही मिळते, दाखल्याशिवाय, निम्म्या वेतनावर. ९० दिवसांत नाना उभे राहिले नाहीत आणि साहेब अर्जित वाढवून द्यायला कुरकुरले, तर महिनाभर ती काढता येईल. घराचा हप्ता निघतोय का ते आधी बघा. अगदी काहीच उरलं नाही तरच असाधारण रजा. ती बिनपगारी असते, तिच्यामुळे पुढच्या सहामाहीला जमा होणारी अर्जितही घटते आणि वेतनवाढीची तारीख पुढे सरकू शकते. तुमच्या खात्यात ४१४ दिवस असताना तिचं नाव काढायचं कारण नाही.

बायकोच्या रजेचा सल्ला ज्याने दिला त्याला माझा नमस्कार सांगा. बाल संगोपन रजा २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने आली. संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. केंद्रात हीच रजा ७३० दिवस आहे. ती मुलीच्या आजारपणाला, परीक्षेला. मुलीचं नाव लिहून सासऱ्यांची सेवा केली तर तोही खोटा कागदच, फक्त बायकोच्या सहीचा. आणि ते बाजूला ठेवलं तरी मला हे विचारावंसं वाटतं, की नाना तुमचे, २१४ दिवस तुमच्या खात्यात, आणि पहिली रजा तिची का आठवावी? ते १८० दिवस मुलीच्या दहावीसाठी राहू द्या.

यात एक गोष्ट मला खटकते, ती लिहितो. मूल झालं की प्रसूती रजा १८० दिवस, वाढवायला आणखी १८०. म्हाताऱ्या आईबापांच्या नावाने एक दिवसही नाही. एकेकाळी घरात कुणी ना कुणी असायचं म्हणून ती लागली नसेल. आता तुमच्यासारख्या घरात ६६ वर्षांची आईच काय ती असते. संघटनांच्या मागण्यांच्या यादीत पेन्शन, महागाई भत्ता, निवृत्तीचं वय असतं. त्यात ही एक ओळ घालायला कुणाची हरकत नसावी. तोपर्यंत अर्जित आहे.

दवाखान्याची बिलं फेकली नसतील असं धरतो. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. खाजगी दवाखाना असेल तर आकस्मिक आणि गंभीर आजारांची जी यादी आहे त्यात बसवून दाखला लागतो, म्हणून डॉक्टरांकडून ‘तातडीने दाखल करावे लागले’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या, आणि प्रत्येक औषधाच्या पावतीवर त्यांची सही-शिक्का. मूळ बिलं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे तपासणीला जातात, तेव्हा आधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. हे काम रजेच्या पहिल्याच आठवड्यात उरका. नाना झोपले की दुपारी वेळ मिळतो.

परत हजर व्हाल त्या दिवशी हजर रिपोर्ट द्या, त्याचीही पोच घ्या, आणि पंधरवड्याने सेवापुस्तक मागून रजा लेख्यात ९० च वजा झालेत ना, ते डोळ्यांनी बघा. मी एकदा एकाचे ९ चे ९० केले होते.